रिपोर्टमध्ये भलताच मणका दिसला? मग एक्स-रे शोधणाऱ्या राँटगेनची गोष्ट वाचाच

समजा, पावसाळ्यात दाभोळच्या जेट्टीकडे उतरताना तुमची बाइक घसरली. फार लागलं नाही, पण कंबर धरली. घरच्यांनी दापोलीला नेलं, पाठीचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, मोडलेलं काही नाही, चार दिवस आराम कर. पण घरी येऊन तुम्ही रिपोर्ट वाचता आणि खालच्या ओळीत एक शब्द दिसतो: बटरफ्लाय व्हर्टिब्रा. म्हणजे फुलपाखरासारखा मणका. लगेच फोन हातात, लगेच सर्च, आणि पुढच्या दहा मिनिटांत तुम्ही स्वतःला ऑपरेशन टेबलवर बघायला लागता.

थांबा जरा. एका गोष्टीसाठी तपासणी केली आणि भलतंच काहीतरी दिसलं, याला वैद्यकीय भाषेत इन्सिडेंटल फाइंडिंग म्हणतात. हे आज रोज घडतं. गंमत म्हणजे एक्स-रेचा शोधसुद्धा असाच लागला. एक माणूस वेगळंच काही तपासत होता आणि कोपऱ्यात भलतंच काही चमकलं. ते दिसल्यावर त्याने काय केलं, हे कळलं की रिपोर्टमधल्या त्या ओळीचं काय करायचं, हेही कळतं. त्या माणसाचं नाव विल्हेल्म कोनराट राँटगेन.

शाळेतून काढलेला मुलगा

राँटगेनचा जन्म २७ मार्च १८४५ चा, जर्मनीतल्या लेनेप गावचा. वडील कापडाचा धंदा करायचे, आई हॉलंडची. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब हॉलंडला गेलं आणि त्याचं बालपण तिथेच आपेलडोर्नला गेलं. अभ्यासात फार हुशार म्हणून कोणी त्याचं नाव घेत नव्हतं. निसर्गात भटकणं आणि हाताने यंत्रं बनवणं, ही त्याची आवड.

पुढे उट्रेख्टच्या तांत्रिक शाळेत एक प्रकार घडला. वर्गातल्या कुणीतरी एका शिक्षकाचं व्यंगचित्र काढलं. चित्र राँटगेनने काढलं नव्हतं, पण कोणी काढलं ते त्याला ठाऊक होतं. त्याने नाव सांगितलं नाही आणि त्याला शाळेतून काढून टाकलं. हातात शाळा पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट नाही, म्हणजे विद्यापीठाचा सरळ रस्ता बंद.

मग त्याला कळलं की स्वित्झर्लंडमधलं झुरिकचं पॉलिटेक्निक अशा सर्टिफिकेटशिवायही प्रवेश देतं. १८६५ मध्ये तो तिथे गेला, मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला आणि १८६९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तिथे त्याला आउगुस्ट कुंट हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक भेटले आणि इंजिनिअर होऊ घातलेला हा मुलगा भौतिकशास्त्राकडे वळला.

कुंटांसोबत तो जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग विद्यापीठात गेला. पण जुनं सर्टिफिकेट तिथेही आडवं आलं. शालेय शिक्षण नियमाप्रमाणे पूर्ण नाही म्हणून विद्यापीठाने त्याला शिकवण्याचा अधिकार नाकारला. मग स्ट्रासबुर्ग, होहेनहाइम, गीसेन अशी गावं करत तो प्राध्यापक झाला. १८८८ मध्ये ज्या व्युर्झबुर्गने त्याला नाकारलं होतं, त्यांनीच त्याला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून बोलावून घेतलं. १८९४ मध्ये तर तो तिथला कुलगुरू झाला.

मधल्या काळात, १८७२ मध्ये, त्याने झुरिकच्या आना बेर्टा लुडविगशी लग्न केलं होतं. बेर्टा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. दोघांना मूल झालं नाही. बेर्टाच्या भावाची मुलगी त्यांनी सांभाळली आणि पुढे दत्तक घेतली. या बेर्टाचा हात पुढे जगभर गाजणार होता.

८ नोव्हेंबर १८९५ ची संध्याकाळ

त्या काळी युरोपातले बरेच शास्त्रज्ञ एकाच खेळण्याच्या मागे होते. काचेच्या नळीतली जवळजवळ सगळी हवा काढून टाकायची आणि आत जोरदार विजेचा दाब द्यायचा. नळीत कॅथोड किरण तयार होतात आणि काच चमकते. हे किरण म्हणजे वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन, हे तेव्हा अजून सिद्ध व्हायचं होतं.

पन्नाशीतल्या राँटगेनने नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली आणि खोलीत अंधार केला. उजेड कुठून गळतोय का, एवढंच त्याला बघायचं होतं. गळत नव्हता. पण नळीपासून दूर ठेवलेला एक पडदा हिरवट चमकत होता. त्या पडद्याला बेरियम प्लॅटिनोसायनाइड नावाचं रसायन लावलेलं होतं. नळी बंद केली की चमक बंद. नळी चालू केली की चमक परत. साधारण दोन मीटर अंतरावरूनही पडदा चमकायचा. कॅथोड किरण हवेत एवढे लांब जाऊच शकत नाहीत. मग पुठ्ठ्यातून आरपार हे काय येतंय?

बरं, असं काही दिसलेला तो पहिला माणूस नव्हता. अमेरिकेत फिलाडेल्फियाला १८९० मध्येच आर्थर गुडस्पीड यांच्या प्रयोगशाळेत फोटोच्या काचेवर दोन नाण्यांची विचित्र सावली उमटली होती. अर्थ कळला नाही, म्हणून ती काच बाजूला ठेवून दिली गेली. इंग्लंडमध्ये विल्यम क्रूक्स यांच्याही फोटोच्या काचा नळीजवळ ठेवल्या की खराब व्हायच्या. ही चमक, ही सावली इतरांनाही भेटून गेली होती. राँटगेनने फक्त ती सोडून दिली नाही.

सात आठवडे तोंड बंद

आज कुणाला असं काही दिसलं असतं तर रात्रीच रील पडली असती. राँटगेनने काय केलं? दार लावून घेतलं. सात आठवडे तो प्रयोगशाळेतच जेवला, बऱ्याचदा तिथेच झोपला आणि सहकाऱ्यांनाही काही बोलला नाही. दिसलेली गोष्ट खरी आहे की आपल्या डोळ्यांचा किंवा यंत्राचा दोष, हे त्याला आधी ठरवायचं होतं.

म्हणून त्याने नळी आणि पडद्याच्या मध्ये एकेक वस्तू ठेवून पाहिली. हजार पानांचं जाडजूड पुस्तक: किरण आरपार. लाकूड: आरपार. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा: बराचसा आरपार. शिसं: अगदी थोड्या जाडीलाच अडले. लोहचुंबक जवळ आणला तरी किरण वळेनात, म्हणजे हे कॅथोड किरण नव्हेत. मग हात मध्ये धरला आणि पडद्यावर बोटांची हाडं दिसली.

हाडंच का दिसली? हाडात कॅल्शियम असतं. ते स्नायू आणि चामडीपेक्षा हे किरण जास्त अडवतं, म्हणून हाडाची सावली गडद पडते. आजचा एक्स-रेही याच तत्त्वावर चालतो. फरक एवढाच की हल्ली सावली पडद्याऐवजी डिजिटल सेन्सरवर पडते.

२२ डिसेंबर १८९५ ला त्याने बेर्टाला प्रयोगशाळेत बोलावलं आणि तिचा हात फोटोच्या काचेवर ठेवायला सांगितला. सुमारे पंधरा मिनिटं हात न हलवता ठेवायचा होता. आज तेच काम सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं. काच धुतली तेव्हा बोटांची हाडं आणि त्यांवर तरंगणारी अंगठी दिसली. जिवंतपणी स्वतःचा सांगाडा बघून बेर्टा घाबरली आणि तिला मरणाची चाहूल लागल्यासारखं वाटलं, असं सांगतात. आत दिसलेलं पहिल्यांदा बघताना माणूस घाबरतो, हे तेव्हापासूनचं आहे.

२८ डिसेंबरला त्याने आपला निबंध व्युर्झबुर्गच्या संस्थेकडे दिला. हे किरण नक्की काय आहेत ते कळलं नव्हतं, म्हणून गणितातल्या अज्ञात संख्येसारखं नाव दिलं: एक्स. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं आणि बाकीच्यापुढे एक्स लिहायचं, असा त्याचा हिशोब.

जग वेडं झालं

१ जानेवारी १८९६ ला त्याने निबंध आणि फोटोंच्या प्रती ओळखीच्या शास्त्रज्ञांना पोस्टाने पाठवल्या. ५ जानेवारीला व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात बातमी आली आणि तारेने जगभर गेली. २३ जानेवारीला व्युर्झबुर्गला भरसभेत राँटगेनने वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञ आल्बर्ट फोन क्योलिकर यांच्या हाताचा एक्स-रे काढून दाखवला. या किरणांना राँटगेनचं नाव द्यावं, अशी सूचना क्योलिकर यांनीच तिथे केली. त्या एका वर्षात एक्स-रेवर हजाराहून जास्त लेख छापून आले. १८९७-९८ मध्ये हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला एक्स-रे यंत्र वापरलं.

या वेडाची किंमतही मोजावी लागली. किरणांचा त्रास होतो हे सुरुवातीला कुणाला ठाऊक नव्हतं. एडिसनचा सहाय्यक क्लॅरेन्स डॅली याचे हात सततच्या एक्स-रेने खराब झाले, कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो वारला.

हातापासून पाठीपर्यंत

हाताचा एक्स-रे सोपा, पाठीचा अवघड. पोट आणि छाती जाड, त्यातून पार जायला किरण जोरदार लागतात. यंत्रं सुधारत गेली तसा कणा दिसायला लागला. आणि तिथून सुरू झाली आपली मूळ गोष्ट: जन्मापासून वेगळे असलेले मणके.

आपल्या कण्यात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ मणके. त्याखाली पाच मणके जुळून झालेलं एक हाड आणि शेवटी माकडहाड. आईच्या पोटात चौथ्या ते आठव्या आठवड्यात या सगळ्याचा आराखडा तयार होतो. मणक्याचा पुढचा भाग डाव्या-उजव्या अशा दोन तुकड्यांतून बनतो आणि मग ते एक होतात. यात कुठे गडबड झाली की वेगळे आकार तयार होतात.

दोन तुकडे मध्यभागी जुळलेच नाहीत, तर समोरून मणका पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा दिसतो. हाच बटरफ्लाय व्हर्टिब्रा. एका बाजूचा तुकडा बनलाच नाही तर अर्धा मणका, म्हणजे हेमिव्हर्टिब्रा. शेजारचे दोन मणके वेगळेच झाले नाहीत तर ब्लॉक व्हर्टिब्रा. कमरेचा शेवटचा मणका खालच्या हाडाला जुळला तर सॅक्रलायझेशन. मणक्याची मागची कमान थोडी उघडी राहिली, पण वर चामडी नीट आहे, तर स्पायना बायफिडा ऑकल्टा. यातले शेवटचे दोन बऱ्याच लोकांत सापडतात. बटरफ्लाय आणि हेमिव्हर्टिब्रा मात्र दुर्मिळ.

१९१२ मध्ये पॅरिसच्या मॉरिस क्लिपेल आणि आंद्रे फाइल या डॉक्टरांनी ४६ वर्षांच्या एका शिंप्याचं वर्णन छापलं. आखूड मान, खूप खाली आलेले केस, मान वळवता न येणं आणि आत मानेचे मणके एकमेकांना जुळलेले. तेव्हापासून मानेचे मणके जन्मतः जुळलेले असण्याला क्लिपेल-फाइल सिंड्रोम म्हणतात. दोनच मणके जुळलेले असतील तर भल्याभल्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, आणि मग कधीतरी दुसऱ्याच कारणाने मानेचा एक्स-रे निघतो.

पण एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. पुढचं-मागचं सगळं एकावर एक येतं. ही अडचण गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्लिश इंजिनिअरने सोडवली. त्याच्या यंत्राने १९७१ मध्ये पहिल्यांदा रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन केला. अनेक कोनांतून किरण टाकायचे आणि कॉम्प्युटरने ब्रेडच्या स्लाइससारखे काप तयार करायचे. पुढे एमआरआय आला. त्यात एक्स-रे नाहीतच, चुंबक आणि रेडिओ लहरी असतात, म्हणून मज्जारज्जू आणि नसाही दिसतात. यंत्र जितकं बारीक बघायला लागलं, तितकं भलतंच सापडण्याचं प्रमाण वाढलं.

दाभोळच्या पोरांना हे समजायला सोपं आहे. ट्रॉलरवर मासळी शोधायचं यंत्र असतं. आवाजाच्या लहरी खाली जातात, परत येतात आणि पडद्यावर थवा दिसतो. पण त्याच पडद्यावर तळाचा खडकही दिसतो. यंत्राला तुम्ही मासळी विचारली होती, ते असेल ते सगळं दाखवतं. खडक दिसला म्हणजे बोट आपटली असं नव्हे. तो कुठे आहे, किती वर आहे आणि आपली वाट तिथून जाते का, हे बघायचं असतं.

पेटंट नाही, शेवटी पैसाही नाही

१९०० मध्ये राँटगेन म्युनिकला गेला. १९०१ मध्ये नोबेल पारितोषिकं सुरू झाली आणि भौतिकशास्त्राचं सगळ्यात पहिलं नोबेल त्याला मिळालं. त्याची रक्कम त्याने व्युर्झबुर्ग विद्यापीठाला देऊन टाकली. एक्स-रेचं पेटंट त्याने घेतलंच नाही. शोध सगळ्यांच्या उपयोगी पडावा, असं त्याचं मत होतं. बव्हेरियाकडून मिळालेला सन्मान घेतला, पण नावापुढे खानदानी लोकांसारखं फोन लावायला नकार दिला.

शेवटची वर्षं कठीण गेली. बेर्टा दीर्घ आजारानंतर १९१९ मध्ये गेली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत महागाई अशी भडकली की आयुष्यभराच्या बचतीला किंमत उरली नाही. १० फेब्रुवारी १९२३ ला म्युनिकला आतड्याच्या कॅन्सरने त्याचा मृत्यू झाला. वय ७७. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची प्रयोगांची खासगी कागदपत्रं नष्ट केली गेली. अस्थी गीसेनला आहेत. २००४ मध्ये १११ क्रमांकाच्या मूलद्रव्याला राँटगेनियम हे नाव मिळालं आणि ८ नोव्हेंबर हा दिवस जगभर रेडिओलॉजी दिन म्हणून पाळला जातो.

आता तुमच्या रिपोर्टला हीच पद्धत लावा

राँटगेनने चमक सोडूनही दिली नाही आणि लगेच निष्कर्षही काढला नाही. आधी तपासलं, मग बोलला. वेगळा मणका दिसला तर तुम्हालाही हेच करायचंय.

१. नवं की जुनं, ते आधी विचारा. अपघातानंतर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बाजूने काढलेल्या एक्स-रेत बटरफ्लाय मणका पाचरीसारखा दिसतो आणि दबून मोडलेला मणकाही तसाच दिसतो. जन्मजात असेल तर कडा गुळगुळीत असतात आणि शेजारच्या मणक्यांचा आकारही त्याला जुळवून घेतलेला असतो. शंका राहिली तर एमआरआय कामी येतो. ताज्या फ्रॅक्चरमध्ये हाडाच्या आत सूज दिसते, जन्मजात आकारात ती नसते. आणि हो, जुना एक्स-रे घरात असेल तर तो सोन्यासारखा. कपाटावर टाकलेल्या फिल्म फेकू नका.

२. दुखणं त्याच्यामुळेच आहे, असं धरून चालू नका. तो मणका तुमच्याबरोबर जन्मला, कंबर परवा दुखायला लागली. कारण बहुधा स्नायूंचं असतं. संबंध आहे की नाही, हे डॉक्टर हाताने तपासून ठरवतील, फोटो बघून नाही.

३. किडनी आणि हृदयाबद्दल विचारा. पोटात असताना मणके बनतात त्याच आठवड्यांत हे अवयवही घडतात. त्यामुळे हेमिव्हर्टिब्रा किंवा क्लिपेल-फाइल सापडला तर डॉक्टर सोनोग्राफी किंवा टूडी इको सांगू शकतात. घाबरवायला नाही, खात्री करायला.

४. वाढत्या वयात लक्ष ठेवा. लहान मुलात हेमिव्हर्टिब्रा असेल तर उंची वाढताना कणा वाकडा होऊ शकतो. अशा मुलाला ठरावीक काळाने दाखवत राहावं लागतं. इथे दुर्लक्ष महागात पडतं.

५. ही लक्षणं असतील तर थांबू नका. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं. यातलं काही असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा. कमरेच्या मधोमध केसांचा झुपका किंवा खोल खळगा असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा.

६. नोंद जपून ठेवा. मानेचे मणके जुळलेले असतील तर भूल देण्याआधी डॉक्टरांना ते माहीत असायलाच हवं. कबड्डी, कुस्ती, पाण्यात डोक्यावर उडी मारणं, हे विचारूनच. कमरेचा मणका जुळलेला असेल तर मणके मोजताना एकाचा घोळ होऊ शकतो, म्हणून पुढे कधी पाठीचं ऑपरेशन ठरलं तर ही जुनी नोंद आधी दाखवा.

७. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर निदान मागू नका. हॉस्पिटलची मूळ फाइल डायकॉम प्रकारची असते. तिच्यात काळ्या-पांढऱ्याच्या हजारो छटा असतात, फोनवरच्या साध्या फोटोत फक्त २५६. खिडकीसमोर फिल्म धरून काढलेल्या फोटोत तर बारीक कडा हरवतातच. चिपळूण, रत्नागिरी किंवा मुंबईच्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर सीडी किंवा लिंक मागून घ्या. आणि रिपोर्ट कुठल्याही ॲपला देण्याआधी नाव, वय, नंबर झाका.

८. उगाच परत-परत स्कॅन नको. कमरेच्या एका एक्स-रेचा किरणांचा डोस छातीच्या एक्स-रेच्या साधारण पंधरा पट असतो, सीटीचा त्याहून बराच जास्त. एमआरआयमध्ये हे किरण नसतात, पण खर्च असतो. मनाच्या समाधानासाठी नको, उत्तर बदलणार असेल तरच काढा.

राँटगेनला ते किरण नक्की काय आहेत, हे कळायला पुढची बरीच वर्षं गेली. लाटा आहेत याचा पक्का पुरावा १९१२ मध्ये माक्स फोन लाउए यांच्या प्रयोगातून आला, तोही म्युनिकमध्येच. तोवर तो एक्स या अक्षरावर समाधानी होता. तुमच्या रिपोर्टमधली ती ओळही काही दिवस एक्सच राहू द्या. डॉक्टरांची वेळ घ्या, जुन्या फिल्म शोधा, प्रश्न लिहून न्या. सर्चचं पान तोवर बंद केलं तरी चालेल.